विंगेतला कान

आपल्याकडे विद्येचे द्वार डोळ्यांत नव्हे, कानांत मानले गेले. ज्ञानाच्या आद्य राशीला 'श्रुती' म्हटले, पुष्कळ जाणणाऱ्याला 'बहुश्रुत' म्हटले, आणि तथागतांच्या शिष्यांना 'श्रावक', म्हणजे ऐकणारे, हे नाव मिळाले. मोहबोडीच्या मुखरूभाऊ निमगड्यांविषयी लिहायला बसलो, की हे शब्द आपोआप समोर येऊन उभे राहतात. त्यांचे अवघे आयुष्य कानाच्या आधाराने चालले. आणि तरीही ऐकणे म्हणजे काय, हे त्यांना सत्तरीच्या उंबरठ्यावर नव्याने शिकावे लागले, तेही परक्या भाषेत.

मोहबोडी हे पोंभुर्ण्याकडून जंगलात शिरणाऱ्या रस्त्यावरचे लहानसे गाव. एका अंगाला धानाच्या बांध्या, दुसऱ्या अंगाला मातीच्या बांधाची पाळ घातलेले छोटे तळे. त्याला आमच्याकडे बोडी म्हणतात. पलीकडे साग, मोह आणि बांबू. दिवस कलला, की माणसे वाघाच्या धाकाने घराकडे वळतात आणि वाटा मुक्या होतात. गावाच्या टोकाच्या घरात मुखरूभाऊ एकटे राहतात. मोबाइलला घरात धड रेंज मिळत नाही. बोडीच्या पाळीवर मात्र मिळते. म्हणून त्यांच्या आयुष्यातल्या अलीकडच्या साऱ्या महत्त्वाच्या गोष्टी त्या पाळीवर घडल्या.

मुखरूभाऊ झाडीपट्टीच्या, म्हणजे आमच्या या जंगलपट्ट्यातल्या, नाटकांचे प्रॉम्प्टर होते. सुगी आटोपली, की मंडईच्या, म्हणजे गावजत्रेच्या, निमित्ताने आमच्या भागात गावोगावी नाटके लागतात. आज या गावी एक नाटक, उद्या त्या गावी दुसरे. नटांना तालमीची सवड अशी मिळतच नाही. साऱ्या प्रयोगाचा भार विंगेत उभ्या असलेल्या एका माणसावर असतो. हाती संहिता धरून तो प्रत्येक पात्राचे वाक्य त्या पात्राच्या ओठांवर येण्याच्या क्षणभर आधी पुटपुटतो. राजा त्याच्याकडून राजाज्ञा घेतो, विधवा त्याच्याकडून आपला आकांत घेते. त्याचा आवाज नटापर्यंत पोचला पाहिजे आणि पहिल्या रांगेपर्यंत पोचता कामा नये. मुखरूभाऊंनी ही विद्या अशी साधली होती, की या नाटकांचे केंद्र असलेल्या वडशाच्या नाटक मंडळ्या त्यांच्यासाठी आपल्या तारखा मागेपुढे करीत.

पण प्रत्येक विद्या माणसाकडून काही मोबदला घेते. मुखरूभाऊंचा आवाज कायमचा दबका झाला. घरीदारी, शेतात, मयतीत, सर्वत्र ते कुजबुजल्यासारखे बोलत. आणि दुसरी गोष्ट अधिक खोल होती. प्रॉम्प्टरचा कान चालू वाक्यावर नसतो, तो पुढच्या वाक्यावर असतो. नट बोलू लागला, की प्रॉम्प्टरच्या लेखी ते वाक्य संपलेले असते. ही सवय ते विंगेतून घरी घेऊन आले. त्यांच्या पत्नी सीताबाई हसत म्हणायच्या, "माह्या बोलण्याआंधीच तुमाले माहा शबद माईत रायते. मंग मी बोलू कायले?" आणि खरोखरच त्यांनी अर्धे सोडलेले वाक्य मुखरूभाऊ पुरे करीत. ते बहुधा बरोबरही असे. ते बरोबर असल्यामुळेच त्यात काही उणे आहे, असे कधी कुणाला वाटले नाही.

त्यांचा एकुलता मुलगा धम्मदीप शासनाची शिष्यवृत्ती मिळवून न्यूझीलंडला शिकायला गेला आणि तिथेच दुग्धशाळांच्या यंत्रांचा अभियंता म्हणून स्थिरावला. तिथे परिचारिका असलेल्या लिजी नावाच्या मल्याळी मुलीशी त्याने लग्न केले. त्याला मल्याळम येईना, तिला मराठी; घराची भाषा इंग्रजी झाली. त्यांची मुलगी रिना सात वर्षांची. तिला आपल्या आजोळची भाषा येत नाही आणि बापाकडचीही येत नाही.

सीताबाई होत्या तोवर याची अडचण कुणाला भासली नाही. दर रविवारी, आपल्याकडे सकाळची न्याहारी आटोपण्याच्या सुमारास आणि तिकडे दिवे लागण्याच्या वेळी, फोन यायचा. सीताबाई पाळीवर बसून नातीला कोंबडी दाखवायच्या, वाळत घातलेले मोह दाखवायच्या, आपल्या हातावरचे गोंदण दाखवायच्या. झाडीबोलीत अखंड बोलायच्या आणि पलीकडून रिना इंग्रजीत अखंड बोलायची. दोघींना परस्परांचा एक शब्द कळत नसे आणि दोघींचे बोलणे संपत नसे. मुखरूभाऊ फोन धरून शेजारी उभे असत. विंगेत असावेत तसे.

सीताबाई मेंदूच्या झटक्याने अचानक गेल्या. धम्मदीप एकटाच आला, पुण्यानुमोदनाचा विधी होईपर्यंत राहिला, "माह्यासंगं चाला, बाबा," म्हणाला. "तुही माय इथी आहे," एवढेच उत्तर देऊन मुखरूभाऊंनी त्याला निरोप दिला. त्यानंतरचे रविवार हळूहळू आखडत गेले. रिना पडद्यावर यायची, हात हलवायची, काहीतरी विचारायची, आजोबा दबक्या आवाजात "बरी आहेस का?" म्हणायचे, ते तिला ऐकूही जात नसे. ती बापाकडे पाहायची आणि पळून जायची. मग बापलेक पावसापाण्याचे बोलायचे. एके रविवारी रिना आलीच नाही. धम्मदीप म्हणाला, ती खेळायला गेली आहे. मुखरूभाऊंना त्याच्या खांद्यामागे, दाराच्या फटीत, तिचा पाय दिसत होता.

ही हकीकत त्यांनीच मला पुढे सांगितली. "माणूस दुरावते तो आंधी पायानं दिसते," असे ते म्हणाले.

इंग्रजी ऐकायला शिकायचे, हा त्यांचा निश्चय त्या रविवारचा. गावातच वामनराव म्हणून इंग्रजीचे निवृत्त शिक्षक राहतात. तोंडात सदैव सुपारी-तंबाखूचा खर्रा, जिभेवर सदैव टोमणा. मुखरूभाऊ त्यांच्या ओट्यावर जाऊन बसले.

"मास्तर, मले इंग्रजी ऐकाची आहे."

"ऐकाची? बोलाची नाई?"

"बोलाले मले सांगणारं कोणी पाह्यजे नाई. पोरगी काय म्हणते ते समजलं का झालं."

वामनरावांनी खर्रा गालात सरकवला. "मुखरूभाऊ, आयुष्यभर तुमी दुसऱ्याले सांगत आले. आता ऐकाले बसता? हे म्हणजे ढोलकीनं नाचाले शिकल्यावानी झालं."

"तुमी शिकवता का ढोलकीले?"

"शिकवतो बाप्पा. मले तरी दुसरं काय काम आहे!"

परदेशी जाऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी तयार केलेले श्रवणाचे पाठ वामनरावांनी त्यांच्या मोबाइलमध्ये भरून दिले. दोन प्रकारचे पाठ होते. काहींत नित्याचे संवाद: भाजीवाल्याकडे, दवाखान्यात, वाचनालयात, गाडी चुकल्यावर स्थानकात. काहींत एकच माणूस थोडा वेळ एखाद्या विषयावर बोले: दीपस्तंभ, मधमाश्या, कुंपणाखाली राहणारा एक काटेरी प्राणी. प्रत्येक पाठाच्या शेवटी प्रश्न असत. काय ऐकले, ते सांगायचे.

"हा कोणता प्राणी, मास्तर?"

"साळिंदराचा लहान भाऊ समजा. आपल्याकडं नाई रायत."

"मंग मी त्याचं ऐकून काय करू?"

"तो तुमाले चावून नाई राह्यला ना? ऐका!"

सीताबाईंच्या माघारी त्या घरात माणसाचा आवाज उरला नव्हता. आता सकाळी चूल पेटली, की भाजीवाला आणि त्याची गिऱ्हाईक बाई बोलू लागत. भात शिजेपर्यंत गाडी चुकलेली स्त्री स्थानकावर हळहळत राही. दुपारी डॉक्टर त्याच त्या रोग्याला तोच पथ्याचा उपदेश करी. बांबूच्या भिंतीवर, फुटक्या रांजणावर, सीताबाईंच्या खुंटीवर टांगलेल्या पिशवीवर हे परके स्वर आदळत. मुखरूभाऊंना ती माणसे ओळखीची वाटू लागली. भाजी घेणारी बाई मनाने चांगली आहे, पण नवऱ्याच्या धाकात असावी, असे त्यांचे मत झाले होते. गाडी चुकलेल्या स्त्रीला कुणी घरी न्यायला येत नाही, याचे त्यांना वाईट वाटे. रोज तिची गाडी चुकायची आणि रोज ते तिच्यासाठी थांबायचे.

आणि याच जवळिकीत त्यांची चूक दडलेली होती. ती चूक जन्मभर विंगेत उभ्या राहिलेल्या माणसालाच करता येईल. त्यांनी पाठ ऐकले नाहीत, पाठ केले. महिन्याभरात एकूण एक संवाद त्यांना मुखोद्गत झाला. भाजीवाल्याने तोंड उघडण्याआधी ते त्याचे वाक्य पुटपुटत. बाईने उत्तर देण्याआधी तिचे उत्तर. शेवटचे प्रश्न मात्र ते बंद करून टाकीत. नाटक संपल्यावर प्रेक्षकांत काय चालते, याच्याशी प्रॉम्प्टरचा काय संबंध? एकदा वामनराव अवचित घरी आले, तर चुलीपुढे बसलेले मुखरूभाऊ डोळे मिटून, अंतराअंतराने मान डोलवीत, त्या मोबाइलमधल्या इंग्रजांना त्यांची वाक्ये सांगत होते.

"मुखरूभाऊ, हे काय करून राह्यले?"

"ऐकून राह्यलो."

"तुमी ऐकून नाई राह्यले, त्याइले चालवून राह्यले! तो साहेब तुमाले विचारून बोलते काय?"

"आता एकबी चुकत नाई, मास्तर. पाहा."

वामनरावांनी मोबाइल घेतला आणि कधी न ऐकलेला एक पाठ लावला. मुखरूभाऊंचे ओठ हलले, अडखळले, थांबले. स्वर आले आणि निघून गेले. ते म्हणाले, "याचं पुढचं वाक्य मले माईत नाई."

"पुढचं सोडा ना बाप्पा. जे चालू आहे ते काय आहे?"

मुखरूभाऊंनी मोबाइल परत मागून घेतला. पण पाठांतराचा आनंद माणसाला सहजी सोडत नाही. पुढच्या रविवारी त्यांनी धम्मदीपला सांगितले, "रिनाले बोलाव. मी तिच्यासंगं इंग्रजीत बोलतो." धम्मदीपला नवल वाटले, आनंदही झाला. रिना आली. मुखरूभाऊंनी दोन मित्रांच्या भेटीचा पाठ मनाशी उघडला आणि ठासून, नेहमीपेक्षा मोठ्याने, इंग्रजीत विचारले, "तुझा दिवस कसा गेला?"

मुलीचे डोळे विस्फारले. ती काही बोलली. पाठात या जागी मित्र म्हणतो, दिवस छान गेला. आणि पहिला म्हणतो, व्हेरी गुड. मुखरूभाऊ म्हणाले, "व्हेरी गुड!"

रिना पुन्हा बोलली, हळू आवाजात. पाठात या जागी पहिला मित्र विचारतो, आणखी काय विशेष? मुखरूभाऊंनी विचारले. ती बोलली. ते म्हणाले, "व्हेरी गुड! व्हेरी गुड!" त्यांचे एकही वाक्य चुकले नव्हते. मुलगी त्यांच्याकडे क्षणभर पाहत राहिली आणि पडद्यावरून निघून गेली.

धम्मदीपचा चेहरा आला. तो बापाला बोल लावणाऱ्यांतला नव्हता. "बाबा," तो म्हणाला, "तिची मांजर गाडीखाली आली काल. ते सांगून राह्यली होती तुमाले."

बोडीच्या काठावर एक बगळा उभा होता. तो उडून जाईपर्यंत मुखरूभाऊ तिथे बसून होते, असे त्यांनी मला सांगितले. तो उडाल्यावरही ते उठले नाहीत.

पुढच्या रविवारी रिना आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. धम्मदीप कारणे सांगे आणि मुखरूभाऊ ती पुरी होण्याआधीच "असू दे, असू दे" म्हणत. एकदा असे म्हणताना ते मध्येच थांबले. आपण मुलाचेही वाक्य संपू दिलेले नाही, हे त्यांच्या ध्यानात आले. आणि मग, त्या एकाकी घरात संध्याकाळचे दार लावताना, सीताबाईंची अर्धी राहिलेली वाक्ये त्यांना आठवू लागली. ती सारी त्यांनी पुरी केली होती. त्यांतले एखादे तिला वेगळ्या रीतीने पुरे करायचे असेल काय? विचारायला आता कुणी नव्हते.

ते पुन्हा वामनरावांच्या ओट्यावर गेले.

"मास्तर, माह्यं तोंड बंद कराचा काही उपाय सांगा."

"खर्रा खा," वामनराव म्हणाले. "तोंडात खर्रा असला का माणूस आपोआप ऐकते. मी तीस वर्सं बायकोचं ऐकून राह्यलो, ते काय उगाच?"

"खर्रा म्या कधी खाल्ला नाई. परॉम्टरची जीभ साफ पाह्यजे."

"मंग पाण्याचा घोट धरा तोंडात. गिळाचा नाई, थुकाचा नाई. पाठ संपतवरी."

वामनराव थट्टेत बोलले असावेत. मुखरूभाऊंनी ते व्रत म्हणून घेतले. रोज सकाळी चुलीपुढे बसून ते लोट्यातून पाण्याचा घोट तोंडात घेत, आणि मग पाठ लावत. संवादांचे पाठ त्यांनी सोडून दिले. त्यांत उत्तराला जागा असते आणि जागा दिसली, की ओठ हलतात. एकाच माणसाच्या बोलण्याचे पाठ त्यांनी धरले. वामनरावांनी न्यूझीलंडच्या माणसांची भाषणेही कुठूनशी मिळवून दिली, कारण तिकडचे उच्चार निराळे आणि बोलण्याचा वेग अधिक. प्रत्येक पाठ ते एकदाच ऐकत. दुसऱ्यांदा ऐकले, तर तो पाठ होईल, ही भीती. मग घोट गिळून, शेवटच्या प्रश्नांची उत्तरे ते वामनरावांना जाऊन सांगत. सुरुवातीला सारी चुकत. दीपस्तंभाच्या पाठातून त्यांना केवळ इतके कळले, की कुणीतरी एकटा राहतो.

"तेवढंच समजलं?" वामनरावांनी विचारले.

"तेवढं पक्कं समजलं."

पावसाळा गेला. धान निसवला, कापला गेला. मंडईचे दिवस आले. आसपासच्या गावांतून नाटकांच्या जाहिरातीची गाडी भोंगा वाजवीत गेली. त्या वर्षी एका मंडळीने त्यांना एका प्रयोगासाठी बोलावले. डोळ्यांना आता संहिता दिसत नसली, तरी जुने नाटक त्यांना पाठ होते. ते गेले नाहीत. "आलो तं घडवलेला कान मोडते," एवढेच त्यांनी कळवले. वामनरावांना वाटले, म्हातारा विनोद करतो आहे.

कानात मात्र खरेच काहीतरी बदलत होते. पुढच्या वाक्याची चाहूल घेणारी ती जुनी ओढ हळूहळू सैल पडत होती. पाण्याचा घोट गालात असताना माणसाला घाई करता येत नाही. परके शब्द येत. काही ओळखीचे, काही अनोळखी. ज्या कानाने आजवर शब्दांना केवळ हाकलले होते, तो आता त्यांना आपापल्या जागी बसू द्यायला शिकला होता. आणि घोट तोंडात असताना इतरही काही ऐकू येई: चुलीतल्या ओल्या लाकडाचा सुस्कारा, छपरावरून उतरणारी खार, खूप दूरवर कुणाच्या तरी गायीच्या गळ्यात वाजणारे लाकडी ठरके. हे सारे सीताबाई असतानाही असणार. तेव्हा ते कुणी ऐकले होते?

माघ पौर्णिमेनंतरच्या एका रविवारी धम्मदीपचा फोन आला. मुखरूभाऊ लोटा घेऊन पाळीवर गेले होते. फोन उचलण्याआधी त्यांनी घोट भरला. जीभ आवरेल, असा त्यांना अजून भरवसा नव्हता.

"बाबा? बाबा, आवाज येते काय?"

मुखरूभाऊंनी मान हलवली. पण त्या क्षणी मोबाइलच्या कॅमेऱ्यावर ऊन पडले होते आणि धम्मदीपला ते नीट दिसले नसावे. "बाबा, तुमचा आवाज येऊन नाई राह्यला. थांबा." मग मागे वळून तो इंग्रजीत म्हणाला, "रिना, आजोबांना आपलं ऐकू जात नाही बहुतेक. तू इथे बस, हात हलव. मी दुसरा फोन आणतो."

रिना येऊन बसली. तिने हात हलवला. आणि मग, तो माणूस ऐकू शकत नाही या भरवशावर, ती आत गेलेल्या बापाला मोठ्याने म्हणाली, "ऐकू गेलं तरी ते ऐकत नाहीतच. ते फक्त व्हेरी गुड म्हणतात. पेबल मेली तेव्हाही म्हणाले."

इंग्रजीतली ही तीन वाक्ये. कोणत्याही पाठात नसलेली, आधी कधीही न ऐकलेली, घाईने आणि परक्या उच्चारात बोललेली. मुखरूभाऊंना त्यांतला शब्द न् शब्द कळला. ज्या क्षणासाठी त्यांनी वर्षभर कान घडवला होता, तो क्षण हा असा आला. त्यांनी घोट गिळला नाही. थुंकलाही नाही.

धम्मदीपला दुसरा फोन लवकर सापडला नसावा. रिना पडद्यासमोर एकटीच उरली. समोर आजोबा, गाल फुगवून, निश्चल. मूल फार वेळ गप्प बसत नाही; आणि जो ऐकत नाही त्याच्याशी बोलणे कधी कधी सोपे असते. ती बोलू लागली. आधी आपल्याशीच, मग थोडेसे त्यांच्याशी. पेबल करड्या रंगाची होती, म्हणून तिचे नाव पेबल. नदीत असतो तसा लहान, गोल, गुळगुळीत दगड, तशी. ती पायाशी निजायची. बाबांनी तिला लिंबाच्या झाडाखाली पुरले. नवे मांजर आणू म्हणतात, पण नवे नको. कारण नव्याला ही खोली माहीत नसेल. पेबलला सारे माहीत होते.

काही शब्द मुखरूभाऊंच्या हातून निसटले. ते त्यांनी निसटू दिले. बोलणे थांबले, तेव्हा त्यांनी त्या पोकळीत काहीही टाकले नाही. ते वाकले. पाळीवरच्या मुरुमात हाताने चाचपून एक लहान, करडा, पाण्याने गुळगुळीत केलेला दगड त्यांनी उचलला, धोतराच्या सोग्याला पुसला आणि पडद्यासमोर धरला.

रिना त्या दगडाकडे पाहत राहिली. मग त्यांच्याकडे. तिचा चेहरा हळूहळू लाल झाला.

"तुम्हाला ऐकू येत होतं?" तिने इंग्रजीत विचारले.

त्यांनी मान हलवली.

"कधीपासून?"

आता त्यांनी घोट गिळला. कोणत्याही पाठात नसलेले आपले पहिले इंग्रजी वाक्य ते बोलले. "सुरुवातीपासून."

दोघेही गप्प झाली. ती शांतता लांबली. एका काळी अशी शांतता मुखरूभाऊंना सहन झाली नसती; रंगमंचावर नट असा गप्प उभा राहिला, तर प्रॉम्प्टरचा जीव जातो. त्यांनी ती असू दिली. शेवटी रिनाने विचारले, "मग बोलला का नाहीत?"

त्यांनी लोटा उचलून दाखवला आणि गाल फुगवले. तिला ते नीट उमगले की नाही, कुणास ठाऊक. पण तिनेही गाल फुगवले. ती हसली नाही. फुगवलेल्या गालांनी ती त्यांच्याकडे पाहत राहिली आणि ते तिच्याकडे.

एवढ्यात धम्मदीप दुसरा फोन घेऊन आला. "काय झालं? आवाज आला का त्यांना?"

रिनाने गाल सोडले. "हो," ती म्हणाली. "ते ऐकतात."

त्या दिवशी घरी परतताना वामनराव त्यांना वाटेत भेटले. "काय मुखरूभाऊ? समजलं काही?"

"समजलं, मास्तर."

"किती?"

"सगळं."

"अरे वा! मंग पेढे कुठी आहे?"

मुखरूभाऊ हसले आणि पुढे गेले. मुलीने आधी काय म्हटले होते, ते त्यांनी वामनरावांना सांगितले नाही, धम्मदीपलाही नाही. मला सांगितले तेही पुष्कळ दिवसांनी, आणि तेव्हाही दबक्या आवाजात, पहिल्या रांगेला ऐकू जाऊ नये अशा बेताने.

रविवार अजूनही येतात. रिना कधी येते, कधी येत नाही. मुले मोठी होत असतात आणि त्यांचे खेळ असतात. ती आली, की थोडा वेळ बोलते. मुखरूभाऊ घोट आता तोंडात धरत नाहीत, फक्त लोटा शेजारी ठेवतात. तो करडा दगड घरात सीताबाईंच्या खुंटीखालच्या कोनाड्यात आहे. सकाळी ते चूल पेटवतात आणि गाडी चुकलेल्या स्त्रीचा तो जुना पाठ अधूनमधून लावतात. तिची गाडी चुकते, ती हळहळते, मग पाठ संपतो. शेवटचे प्रश्न विचारले जातात, आणि त्या रिकाम्या घरात मुखरूभाऊ त्यांची उत्तरे सावकाश, एकेक करून देतात.